फिनिक्स रिझरेक्शन वाचू का? जीन ग्रेले परत आणलं थे बरोबर झालं का?

पांढरकवड्याचा वाचक

नमस्कार मंडळी. मी पांढरकवड्याकडचा, गाव आतमधी हाये, सगळा कापसाचा पट्टा. लहानपणी एसटी स्टँडवरच्या टपरीवर नागराज, ध्रुव, डोगा मिळायचे हिंदीतले, एकानं घेतलं का अख्खी आळी वाचायची, म्हून कॉमिक्सचा नाद जुनाच हाये. मार्व्हलच्या एक्स-मेनचा, म्हणजे जन्मतःच शक्ती असलेल्या म्युटंट लोकांच्या टोळीचा, नाद मात्र टीव्हीवरच्या हिंदी डब पिक्चरनं लावला अन् मंग फोनवर अ‍ॅप घेऊन मुळातून वाचाले लागलो. इंग्रजी वाचाले वेळ लागते पण समजते.

आत्ताच त्या टोळीतल्या जीन ग्रेची डार्क फिनिक्स सागा वाचून झाली, १९८० ची, लेखक क्रिस क्लेअरमॉन्ट अन् चित्रकार जॉन बर्नची. १३७ नंबरचा अंक वाचला अन् दोन दिवस डोक्यातून जाऊन नाई राहिला. चंद्रावर लढाई चालू हाये, सगळे एकेक करून पडले, उरले फक्त जीन अन् तिचा जोडीदार स्कॉट, अन् ती त्याले आपल्या शक्तीनं जागेवरच धरून ठेवते अन् स्वतः त्या जुन्या हत्यारासमोर जाऊन उभी राहते. त्याच्या डोळ्यासमोर राख. अन् स्कॉटले मंग समजते का हे तिनं चंद्रावर पाय ठेवला तवाच ठरवलं असन. मी पऱ्हाटीत पाणी देत देत वाचून राहिलो होतो, वाचून झालं तरी फोन हातातच होता, पाणी दुसऱ्या सरीत गेलं तरी ध्यान नाई.

आता अ‍ॅपवर दिसून राहिलं, फिनिक्स रिझरेक्शन : द रिटर्न ऑफ जीन ग्रे, पाच अंक, मॅथ्यू रोझेनबर्ग लेखक. नावातच सांगितलं का ती परत येते. मले वाचावं वाटते बी अन् नाई बी वाटत. वाटते का, कारण जीनले पुन्हा पाहाले मिळन. नाई वाटत का, कारण ती जर परत येऊनच राहिली तर मंग त्या १३७ ले काय अर्थ राहिला? ज्यानं ज्यानं वाचली हाये त्यानं खरं खरं सांगा, अन् वाचाची असन तर त्याच्या आधी काय वाचणं गरजेचं हाये थे बी सांगा. शेवट सांगितला तरी चालन, मी शेवट माहीत असला तरी वाचतो.

अचलपूरवाला

भाऊ वाच, बिनधास्त वाच. पण थेट १३७ वरून तिथं उडी मारू नको, मधात सदतीस वर्षं हायेत अन् सगळी गोम त्या वर्षांतच हाये.

पह्यलं म्हणजे तुले वाटून राहिलं तसं जीनले २०१७ मधी पह्यल्यांदा परत आणलं असं नाई. पह्यल्यांदा आणलं थे १९८६ मधी. अन् तुह्या प्रश्नाचं उत्तर मले विचारशील तर असं हाये का १३७ चा अर्थ १९८६ नं घालवला अन् या पाच अंकांनी बराचसा परत आणला. हे जरा सविस्तर सांगतो.

जीन एक्स-मेनच्या पह्यल्या अंकापासून हाये, सप्टेंबर १९६३, स्टॅन ली अन् जॅक कर्बी. पाच विद्यार्थी, त्यात एकटी पोरगी, नाव मार्व्हल गर्ल. सुरुवातीचे अंक पाह्यले तर तिले काम काय, वस्तू हवेत उचलाच्या अन् थकून जाचं. मंग १९७६ मधी १०१ नंबरच्या अंकात ती अंतराळयान चालवत सगळ्यांले वाचवते, सौरवादळाच्या किरणांतून एकटी जाते, यान जमैका बे मधी पडते अन् पाण्यातून निघते ती फिनिक्स. तिथून चार वर्षं क्लेअरमॉन्टनं तिले हळूहळू वाढवलं. ज्या पोरीले कोणी मोजत नव्हतं तिच्या हातात सगळं विश्व दिलं, अन् ती त्या ताकदीपुढं घसरली, १३५ मधी भूक लागली म्हून एक तारा गिळला अन् त्याच्या भोवतीच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव गेले. डी'बारी लोक.

आता मूळ शेवट तसा नव्हताच. मूळ शेवटात तिची शक्ती काढून घेऊन तिले जिवंत ठेवाचं ठरलं होतं, पानं काढून बी झाली होती. मुख्य संपादक जिम शूटर म्हणे का पाच अब्ज जीव मारून ही घरी जाऊन सुखानं राहीन, हे चालणार नाई. म्हून शेवट बदलला. जुना शेवट १९८४ मधी फिनिक्स : द अनटोल्ड स्टोरी नावानं छापला बी, मिळाला तर पाह्यजो, तुले समजन का बदललेला शेवट किती मोठा हाये. कारण बदललेल्या शेवटात निर्णय जीनचा हाये. शिक्षा कोणी दिली नाई, तिनं स्वतः ओळखलं का मी राहिली तर हे पुन्हा होईन.

अन् १९८६ मधी काय केलं? मार्व्हलले जुने पाच विद्यार्थी एकत्र करून एक्स-फॅक्टर नावाची नवी मालिका काढाची होती, पाचवी पाह्यजेच होती. कर्ट ब्युसिक नुसता वाचक होता तवाची त्याची कल्पना फिरत फिरत बर्नपर्यंत आली का, जी मेली ती जीन नव्हतीच, फिनिक्स नावाच्या विश्वशक्तीनं तिचं रूप घेतलं होतं, खरी जीन तर जमैका बे च्या तळाशी कोशात झोपली हाये. अ‍ॅव्हेंजर्स २६३ मधी कोश सापडते, फँटास्टिक फोर २८६ मधी ती बाहेर येते. कल्पना हुशार हाये, मी नाई म्हणत नाई, सगळे धागे जुळते. पण तिनं तारा गिळला नाई, पाच अब्ज मारले नाई, म्हणजे मंग चंद्रावर मरणारी बी ती नाई! दोष धुऊन टाकाले गेले अन् त्याच्यासंग तिचा त्याग बी धुतला गेला. क्लेअरमॉन्टले हे आवडलं नव्हतं, अन् मले त्याचं पटते.

मंग २००४ मधी ती पुन्हा मेली, थे नंतर सांगतो. रोझेनबर्गची मालिका काऊन वाचाची तर इथं कोणी कोशाची युक्ती लावली नाई. इथं परत येणं हा पुन्हा जीनचा निर्णय हाये. शेवटच्या अंकाचं नंतर लिहीन, आधी बाकीच्यांले बोलू द्या.

झाडीचा गडी, वडसा

मी वाचली आहे आणि मला नाही पटली. अचलपूरवाले दादांची माहिती बरोबर आहे पण निकाल नाही पटत.

मेली ती मेली. आमच्या इकडे झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र रात्र नाटकं होतात, थंडीत लोक बोथरीवर चादरी पांघरून बसतात, आणि पहाटेच्या अंकात नायिका मेली की बाया पदर डोळ्याला लावतात. पडदा पडल्यावर तीच नटी मेकअप पुसून गाडीत बसते आणि दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावात पुन्हा मरते, हे सगळ्यांना माहीत असते. पण नाटकातली बाई त्या नाटकात उठत नाही. उठली असती तर त्या रडण्याला काही किंमत राहिली असती का? कॉमिक्सवाले नेमकं तेच करतात, नटीला नाही, नाटकातल्या बाईलाच उठवतात.

आणि कथा म्हणून पाहिली तरी अडचण आहे. नाव काय, द रिटर्न ऑफ जीन ग्रे. मग पहिले तीन अंक एक्स-मेनची म्होरकी किटी प्राइड टोळ्या पाडून लोकांना इकडे पाठवते तिकडे पाठवते, काहीतरी विचित्र होत आहे, कोण करत आहे, कोण आहे. अरे मुखपृष्ठावर लिहिलं आहे ना कोण आहे ते! वाचणाऱ्याला पहिल्या पानापासून माहीत आणि गोष्टीतल्या हुशार लोकांना तीन अंक समजत नाही. दर आठवड्याला एक अंक असा काढला, डिसेंबर २०१७ च्या शेवटून जानेवारी २०१८ संपेपर्यंत, म्हणून एका हातानं काढणं शक्यच नव्हतं. लेनिल फ्रान्सिस यू, कार्लोस पाचेको, जो बेनेट, रामोन रोसानास असे चार जण. चौघेही चांगले, पाचेको तर माझा लाडका, २०२२ मध्ये गेला बिचारा. पण एकाच्या अंकातली जीन दुसऱ्याच्या अंकात वेगळी दिसते आणि ज्या गोष्टीत एका बाईच्या चेहऱ्यावरच सगळं आहे तिथं हे खटकते.

आणि शेवटचं, २०१९ मध्ये लेखक हिकमननं क्राकोआ, म्हणजे म्युटंट लोकांचं बेट, आणलं त्यात तर मेलेला प्रत्येक म्युटंट अंड्यातून परत येऊ लागला. पाच जणांची टोळी शरीर तयार करते आणि एक्स-मेनचा गुरू झेव्हियर त्यात मन भरतो. म्हणजे दीड वर्षात या पाच अंकांचंही काही उरलं नाही.

यवतमाळची ताई

झाडीच्या दादा, किटीच्या भागाबद्दल तुमचं सगळं खरं आहे, मी पण ते पानं भराभर पलटवले. पण तुम्ही त्या मालिकेतला अर्धाच भाग सांगून राहिले. दुसरा भाग जीनचा आहे आणि माझ्यासाठी मालिका तीच आहे.

पांढरकवड्याच्या भाऊ, तुम्हाला शेवट सांगितलेला चालतो म्हणता म्हणून लिहिते. जीन एका लहानशा गावात राहते, तिथल्या हॉटेलात वेट्रेसचं काम करते, लोकांना चहा-कॉफी नाश्ता देते, सगळ्यांशी हसून बोलते. तिला आठवत काहीच नाही. आणि तिच्या भोवती जे लोक आहेत ते मेलेले आहेत, तिच्या आयुष्यातून गेलेले. हे गाव फिनिक्सनं तिच्यासाठी बनवलेलं आहे. फिनिक्स काही तिला त्रास द्यायला नाही आली, तिला वाटते की आपण हिचं भलं करून राहिलो. हिचं जे जे गेलं ते सगळं एका जागी आणून ठेवलं, आता ही सुखी राहावी.

आणि तेव्हा जीनचं काय काय गेलेलं होतं ते पण पाहा. झेव्हियर सर २०१२ च्या अ‍ॅव्हेंजर्स विरुद्ध एक्स-मेनमध्ये गेले, तेही फिनिक्सच्या भरात असलेल्या स्कॉटच्याच हातून. लोगन, म्हणजे वुल्व्हरिन, २०१४ मध्ये गेला, या मालिकेत तिच्याकडं जो म्हातारा लोगन येतो तो दुसऱ्याच काळातून आलेला, तो तिचा नव्हेच. स्कॉट २०१६ च्या डेथ ऑफ एक्स मध्ये टेरिजेनच्या, म्युटंटांना विषारी असलेल्या, धुक्यानं मेला. तिच्या माहेरचे म्हणाल तर ग्रे घराणं शिआर या परग्रहावरच्या साम्राज्याच्या मारेकऱ्यांनी जवळपास संपवलेलं. म्हणजे बाहेर परत येऊन तिला भेटणार कोण? मग त्या खोट्या गावातच ती का नाही राहिली, हा प्रश्न मला त्या मालिकेत खरा वाटला.

मी थोडं माझं सांगते. माझी चुलत बहीण शेतात पान लागून, म्हणजे साप चावून, गेली, सोयाबीन सोंगणीच्या दिवसात. मोठ्या रुग्णालयात नेईपर्यंत उशीर झाला. पुष्कळ वर्षं काकूनं तिचे कपडे, वह्या, टिकल्यांचं पाकीट, सगळं होतं तसं ठेवलं. कोणी हात लावला तर रडायची. आम्ही कोणी तिला वाईट म्हणू शकत नाही, मी तर नाहीच म्हणणार. म्हणून फिनिक्सचा पण मला राग नाही आला. जिच्यावर जीव आहे तिला सोडता येत नाही, आणि तुमच्याजवळ विश्वाची ताकद असली तर तुम्ही कपाट नाही ठेवणार, अख्खं गाव ठेवाल.

तेव्हापासून मला महाभारतातली रुरू आणि प्रमद्वरेची गोष्ट फार जवळची आहे. आदिपर्वात आहे. लग्न ठरलेलं, आणि खेळता खेळता तिचा पाय सापावर पडतो, सर्प डसतो आणि ती जाते. रुरू रानात जाऊन रडतो तेव्हा देवदूत येऊन सांगतो की तुझं अर्धं आयुष्य दे, ती उठेल. तो देतो. ती उठते. म्हणजे मेलेलं माणूस गोष्टीत उठणं आपल्याकडं काही नवीन नाही, झाडीच्या दादा. पण त्यात कोणी काय दिलं ते आधी सांगितलेलं आहे. देणाऱ्यानं स्वतःचं दिलं.

आता १९८६ ला हाच हिशोब लावा. जीनला परत आणलं त्याची किंमत कोणी दिली? मॅडलिन प्रायरनं. १९८३ मध्ये स्कॉटचं तिच्याशी लग्न झालेलं, पदरात लहान बाळ, आणि जीन जिवंत आहे असा फोन आला की हा माणूस बायको आणि पोर सोडून निघून गेला. मग लेखकांना ते अडचणीचं झालं म्हणून मॅडलिनलाच जीनची नक्कल ठरवलं, सिनिस्टर नावाच्या खलनायकानं बनवलेली, आणि इन्फर्नो या कथेत तिला वेडी करून मारलं. त्या बाईचा दोष काय होता? तिला कोणी विचारलं? जीनलाही कोणी नाही विचारलं. एकीला झोपेतून उठवलं आणि दुसरीला संपवलं. म्हणून अचलपूरवाले भाऊ म्हणतात की १९८६ चं परत आणणं वाईट होतं ते मला शंभर टक्के पटते, पण मी कारण हे धरीन.

तिवसेकर

ताईंनी प्रमद्वरा काढली म्हणून मला राहवलं नाही. आमच्या तालुक्यात वर्धेच्या काठी कौंडण्यपूर आहे, लोक रुक्मिणीचं माहेर म्हणून येतात. पण कालिदासाच्या रघुवंशातली इंदुमतीसुद्धा विदर्भाचीच राजकन्या आहे, ही आपली पोर फार कमी जणांना आठवते. सहाव्या सर्गात तिचं स्वयंवर आहे आणि आठव्यात तिचं मरण. बागेत बसलेली असते, नारदाच्या वीणेवरची फुलांची माळ वाऱ्यानं उडून तिच्या अंगावर पडते आणि ती जाते. अजराजा तिला मांडीवर घेऊन जो विलाप करतो तो कालिदासानं किती वेळ चालू ठेवला आहे, वाचताना वाटते आता देव येईल, आता उठेल. कोणी येत नाही. वसिष्ठाचा निरोप येतो तोही समजावणीचा, की ती शापानं आलेली अप्सरा होती, सुटली, तू आता सावर. आणि अज ते ऐकून पण सावरत नाही! पोरगा दशरथ लहान म्हणून आठ वर्षं कसाबसा राज्य करतो, मग गंगा-शरयूच्या संगमावर देह ठेवतो.

म्हणून माझा कौल झाडीच्या भाऊकडं. कालिदासाला तिला उठवणं कठीण होतं का? शाप होता, अप्सरा होती, सगळी सोय होती. नाही उठवलं म्हणून दीड हजार वर्षांनी पण आठवा सर्ग वाचला की गळा दाटते.

मात्र फिनिक्सबद्दलची ताईंची कल्पना मला फार आवडली, मी तर तिला अजराजाच्या जागी ठेवून पाहिलं. अजराजाजवळ ताकद असती तर त्यानं पण गावच बांधलं असतं.

पांढरकवड्याचा वाचक

बाप्पा, एवढं सगळं निघन असं वाटलं नव्हतं. दोन्ही बाजू पटून राहिल्या म्हून आणखी अडकलो. अचलपूरवाले दादा, शेवटच्या अंकाचं सांगतो म्हणाले होते, थे सांगा आता. अन् ताई, बहिणीचं वाचून वाईट वाटलं. आमच्या इकडे बी दर पावसाळ्यात असं होतेच कोणाच्या तरी घरी.

अचलपूरवाला

सांगतो. पण त्याच्यासाठी २००४ मधून जा लागन.

ग्रँट मॉरिसनच्या न्यू एक्स-मेन मधी जीन दुसऱ्यांदा मरते, १५० नंबरचा अंक. तवा ती स्कॉटची बायको होती, लग्न १९९४ मधी झालं होतं, पण स्कॉट मनानं एमा फ्रॉस्टकडं गेलेला. तो अंक बी जबरदस्त हाये पण माहं म्हणणं १५४ बद्दल हाये, मॉरिसनचा शेवटचा अंक, चित्रं मार्क सिल्वेस्ट्रीची. त्यात दीडशे वर्षांनंतरचं जग दाखवलं, सगळं नासलेलं, अन् नासलं काऊन तर जीनच्या थडग्यापाशी स्कॉटनं एमाले नाई म्हटलं अन् सगळं सोडून निघून गेला म्हून. मंग वर असलेली जीन, फिनिक्सच्या शक्तीतली, काळात हात घालते अन् आपल्याच नवऱ्याले आपल्याच थडग्यापाशी त्या दुसऱ्या बाईले हो म्हणाले लावते. तू जग, असं. मेलेल्या बाईनं जित्या माणसाले मोकळं केलं. मी थे पान वाचलं तवा कॉलेजात होतो, अजून बी डोळ्यासमोर हाये.

आता २०१८ चा पाचवा अंक. सगळं उघडं पडलं हाये, जीनले आठवलं हाये, अन् ती फिनिक्सले म्हणते मले हे नाई पाह्यजे. फिनिक्सले समजत नाई का हिले कमी काय पडलं. म्हून ती आपल्याजवळचं सगळ्यात मोठं काढते, स्कॉटले जिवंत करते. खरा स्कॉट, भास नाई. दोघं भेटतात, बोलतात, अन् जीन त्याले ठेवू शकत होती. फक्त फिनिक्सले हो म्हणाचं होतं. ती नाई म्हणते. त्याच्या मरणाले मरण राहू दे, मले बी सोड, अन् तू बी जा. स्कॉट तिथंच पुन्हा जातो. फिनिक्स निघून जाते अन् जीन एकटी बाहेर येते.

झाडीच्या भाऊ, तुमचं म्हणणं का परत आणलं म्हणजे मरणाची किंमत गेली. इथं उलटं हाये. जी परत आली तीच म्हणून राहिली का मरणाले हात लावू नका. स्वतःच्या नवऱ्याच्या वेळी म्हणून राहिली! १३७ मधी ती जगाले सोडते, १५४ मधी नवऱ्याले मोकळं करते, अन् इथं फिनिक्सले सोडाले शिकवते. मले तर ही एकाच बाईची एकच वाट दिसते, लेखक तीन अन् वर्षं अडतीस असली तरी. ताईच्या हिशोबात बसवा, या वेळी किंमत जीननं स्वतः दिली, दुसऱ्या कोणत्या बाईले भराले नाई लावली.

अन् क्राकोआनं हे पुसलं असं मी नाई मानत. स्कॉटले तर क्राकोआच्या बी आधी, त्याच मिनिटभराच्या जिवंतपणाचा फायदा घेऊन, पुढच्या एका वार्षिक अंकात परत आणलंच. थे मार्व्हल हाये, त्याहीले दुकान चालवाचं हाये. पण पुढच्यानं काय केलं म्हून या पाच अंकांत जीननं जे केलं थे खोटं होत नाई.

झाडीचा गडी, वडसा

दादा, १५४ शी जोडून तुम्ही जे सांगितलं ते मी तसं पाहिलं नव्हतं आणि ते मला मान्य आहे, पाचवा अंक चांगला आहे. पण तरी माझं एक म्हणणं राहतेच. चांगली गोष्ट दीड अंकाची होती. हॉटेलातली जीन आणि शेवट, एवढंच एका जाड अंकात दिलं असतं, एकाच चित्रकाराकडून, तर मी आज तुमच्या बाजूनं भांडलो असतो. ज्या पाहुण्याची वाट सगळं गाव पाहत आहे त्याला वेशीवर तीन अंक उभं ठेवणं, हे मला आजही चुकीचं वाटते. आणि जीननं नकार दिला म्हणून स्कॉटला पुढं परत आणणाऱ्यांना माफी मिळत नाही. तिनं राहू द्या म्हटलं होतं, त्यांनी नाही राहू दिलं. तिचा शब्द पहिल्यांदा त्यांनीच मोडला.

यवतमाळची ताई

हे शेवटचं दादांनी बरोबर बोललं. जीनचा शब्द मोडला हे मला पण लागलं होतं.

बाकी क्रम मी सांगते भाऊ. तुम्हाला इंग्रजीला वेळ लागते म्हणता तर सगळं वाचायच्या मागं नका लागू, ढीग आहे आणि त्यातलं अर्धं नाही वाचलं तरी चालते. १३७ झालाच आहे. मग १९८६ चा फँटास्टिक फोर २८६ तेवढा वाचा, कोशाची भानगड समजण्यापुरता. इन्फर्नो मोठं आहे, पण मॅडलिनसाठी वाचा, माझं ऐका. त्यानंतर मॉरिसनची न्यू एक्स-मेन पूर्ण, ११४ पासून १५४ पर्यंत, ही मात्र गाळू नका. मध्ये २००५ ची एंडसाँग म्हणून पाच अंकांची आहे, ग्रेग पाकची, ती पण जीन आणि फिनिक्सचीच आहे, जमलं तर. आणि मग रिझरेक्शन.

ते संपलं की लगेच टॉम टेलरची एक्स-मेन रेड घ्या, अकरा अंक, पहिली चित्रं महमूद असरारची. त्याचा एक वार्षिक अंक आहे तो आधी वाचा, छापून नंतर आला तरी. परत आल्यानंतरचे जीनचे पहिले दिवस त्यात आहेत, कोण गेलं कोण राहिलं हे तिला एकेक करून समजते. रोझेनबर्गला पाच अंकांत त्याला जागा नाही मिळाली आणि मला तेच पाहायचं होतं. रेडमध्ये ती संयुक्त राष्ट्रांत जाऊन म्युटंट लोकांसाठी हक्क मागते, कोणाच्या मागं उभी राहत नाही, स्वतः टोळी बांधते. १९६३ ची ती पोरगी आठवा आणि मग हे वाचा.

पांढरकवड्याचा वाचक

ठरलं मंग. ११४ पासून मॉरिसन चालू करतो, कापूस वेचाईच्या दिवसात रात्रीच वेळ भेटते पण तेवढा पुरते. इन्फर्नो बी वाचतो ताई, मॅडलिनचं मले काईच माहीत नव्हतं अन् आता तिच्याबद्दल न वाचता पुढं जाणं बरोबर नाई वाटत. एक आणखी विचाराचं होतं, इन्फर्नोचे अंक दोन-तीन मालिकांत वाटलेले दिसून राहिले, एक्स-फॅक्टरमधी बी हायेत अन् अनकॅनी एक्स-मेनमधी बी. कोणते आधी अन् कोणते मागून, थे कोणी क्रमानं लिहून देईन का?

अचलपूरवाला

देतो. उद्या रात्री बसून अंकवार लिहितो. तोवर एक्स-फॅक्टर उघडू नको, उगाच गोंधळशीन, मॉरिसनच वाच.